मेंदीच्या केसांवर मोरपिशी रंग चढवायचा असेल तर

खानापूरहून रोज बेळगावला कॉलेजसाठी ये-जा करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिचे केस कमरेपर्यंत लांब आणि मूळचे काळेभोर आहेत. शाळेत असल्यापासून घरी आजीच्या हातची, लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी नियमित लावली जात होती. गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नाआधी एकदा बाजारातल्या पाकिटातली ‘काळी मेंदी’ लावली आणि त्यानंतर काहीच लावलेले नाही. आता तिला केस मोरपिशी करायचे आहेत. पार्लरचा खर्च झेपणारा नसल्याने मैत्रिणीच्या मदतीने घरीच करायचे आहे. ब्लीच कोणते घ्यावे, डेव्हलपर (ब्लीच पावडरीत कालवायचे पेरॉक्साइड) किती व्हॉल्यूमचा, म्हणजे किती ताकदीचा असावा आणि किती वेळ ठेवावा, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतील, परंतु ती सर्व केसांना सारखी लागू पडणार नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा किंचित अधिक, म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा सेंटिमीटर वाढतात. त्या हिशेबाने तुमच्या टाळूजवळचा साधारण तेवढाच केस कोरा आहे, त्याखालच्या सगळ्या लांबीवर काळ्या मेंदीचा थर आहे, आणि कमरेजवळची टोके पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेली असल्यामुळे त्यांनी आजीच्या मेंदीचे कितीतरी हात सोसलेले आहेत. एकाच डोक्यावर तीन प्रकारचे केस आहेत, असे समजा. एकच ब्लीच एकाच वेळी या तिन्हींवर लावले तर परिणामही तीन प्रकारचे होतील. निपाणीकडून आलेल्या एका मुलीचे डोके या कारणाने मुळाशी फिकट पिवळे, मध्ये विटकरी आणि खाली शेवाळी तपकिरी असे पट्ट्यापट्ट्यांचे झालेले मी पाहिले आहे, आणि तिच्या पाकिटावरच्या सूचनांचे तिने अक्षरशः पालन केले होते.

ब्लीच नेमके काय करते हे समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. केसाचा काळेपणा हा मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. त्याचे दोन प्रकार आहेत, एक काळा-तपकिरी आणि दुसरा तांबूस-पिवळा. ब्लीचमधील पेरॉक्साइड काळ्या-तपकिरी भागाला आधी फोडते आणि तांबूस भाग चिवटपणे मागे राहतो. म्हणूनच आपल्याकडचे काळे केस उजळताना आधी तांबडे, मग नारिंगी, मग गडद पिवळे आणि सरतेशेवटी फिकट पिवळे होतात. ही वाट कोणालाही चुकत नाही, फक्त कुठे थांबायचे ते आपल्या हाती असते. हायड्रोजन पेरॉक्साइड हे द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक तेनार यांनी १८१८ साली, म्हणजे बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला त्याच वर्षी शोधले. तेव्हापासून रंगद्रव्य घालवण्यासाठी याहून परिणामकारक आणि तरीही केसांवर वापरता येईल असे काही फारसे हाती लागलेले नाही. लिंबू, खाण्याचा सोडा, चेहऱ्याची ब्लीच क्रीम आणि औषधाच्या दुकानातले जखम धुण्याचे पेरॉक्साइड हे सगळे उपाय काळ्या केसांच्या बाबतीत निरुपयोगी तरी आहेत किंवा बेभरवशाचे तरी. जखमेसाठीचे ते पेरॉक्साइड पाण्यासारखे पातळ असल्याने डोळ्यांत आणि मानेवर ओघळते, हा त्याचा आणखी एक दोष.

आता मेंदीकडे वळू. शुद्ध मेंदीतील रंग केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि ब्लीचने तो पूर्णपणे निघत नाही. केस उजळतात, पण एका ठरावीक नारिंगीपाशी अडून बसतात. मेंदीवर नीळ (निळीच्या झाडाच्या पानांची पूड) लावून काळेपणा आणला असेल, तर ब्लीचनंतर त्यातून हिरवट छटा वर येते आणि ती मेंदीपेक्षाही हट्टी असते. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’ची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात पुष्कळदा मेंदी नावापुरती असते आणि खरा काळा रंग पॅराफेनिलीनडायअमाइन या रसायनाचा असतो. काही स्वस्त, नाव नसलेल्या मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. धातूचे क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आले तर मिश्रण तापते, फसफसते आणि केस जागच्या जागी तुटू शकतात. लोखंडी कढईत भिजवलेल्या मेंदीतून केसांवर बसलेला लोहाचा अंश इतका घातक नसला, तरी तोसुद्धा पेरॉक्साइडला अकारण भडकवतो. तेव्हा तुमच्या बाबतीत ही शंका आधी फेडून घ्यावी लागेल.

ती फेडण्याची रीत सोपी आहे. केस विंचरताना कंगव्यात आलेले लांब केस दोन-चार दिवस साठवा आणि त्यांची छोटी गुंतवळ दोऱ्याने बांधा. काचेच्या वाटीत थोडी ब्लीच पावडर आणि तिच्या दुप्पट २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर कालवून ती गुंतवळ त्यात पूर्ण बुडवा. वाटी उघड्या खिडकीपाशी ठेवा आणि तिच्यावर वाकून बसू नका. पहिल्या दहा मिनिटांत वाटीला बाहेरून हात लावून पाहत राहा. वाटी हाताला स्पष्ट गरम लागली, मिश्रण फुगून वर आले, वाफ किंवा विचित्र वास निघाला किंवा केस लगदा होऊ लागले, तर समजावे की या केसांवर धातूचे क्षार आहेत आणि तो भाग कापला जाईपर्यंत त्यावर ब्लीच लावायचे नाही. यात तडजोड नाही. वाटी थंड राहिली तर अर्ध्या तासाने गुंतवळ धुऊन वाळवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. कुठला भाग कोणत्या रंगावर अडला हे त्या गुंतवळीवर आपोआप दिसेल, आणि पुढचे नियोजन त्यावरूनच करायचे आहे.

दुसरी चाचणी त्वचेची. ती ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावून करावी. पॅराफेनिलीनडायअमाइन असलेल्या रंगांच्या वेष्टनावर अशी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना रंग न लावण्याची सूचना छापणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे, पण ती बारीक अक्षरांत असते आणि आपल्या भागात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर मराठी मजकूर असेलच असे नाही. कन्नड किंवा इंग्रजी नीट वाचणाऱ्या कोणाकडून ती समजून घ्यावी. गेल्या वर्षी काळी मेंदी लावल्यावर टाळूला खाज, कानांमागे पुरळ किंवा पापण्यांना सूज असे काही झाले होते का, ते आठवून पाहा. लग्नात हातावर काढलेल्या गडद काळ्या मेंदीने फोड आले असतील, तर तीही तीच खूण आहे. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी अधिक जोराने उठते. मोरपिशीसारखे भडक रंग बहुधा या रसायनाशिवाय असतात, परंतु टोनर (ब्लीचनंतरचा पिवळेपणा झाकणारा हलका रंग) आणि कायमस्वरूपी रंगांत ते किंवा त्याचे भाऊबंद असतात. ज्यांना दमा आहे त्यांनी घरी ब्लीच करूच नये, कारण ब्लीच पावडरीतील परसल्फेटमुळे दम्याचा झटका येऊ शकतो.

मोरपिशी निवडलात हे एका परीने बरे केलेत. निळा रंग पिवळ्या केसावर बसला की हिरवट दिसतो, म्हणून शुद्ध निळ्यासाठी आणि फिकट जांभळ्यासाठी केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिकट करावे लागतात. मोरपिशीत हिरवा आधीच मिसळलेला असल्यामुळे तो थोडा पिवळेपणा पोटात घेतो. मात्र नारिंगी तो सोसत नाही. नारिंगीवर मोरपिशी लावला तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाती चिखलासारखा तपकिरी रंग येतो. त्यामुळे तुमच्या गुंतवळीचा मेंदीचा भाग नारिंगीवर अडला, तर त्या लांबीवर मोरपिशीचा हट्ट सोडावा हे माझे स्पष्ट मत आहे. त्याच नारिंगीवर किरमिजी, डाळिंबी, तांबडा किंवा राणी रंग मात्र असा खुलतो की कोऱ्या केसावरही तसा खुलणार नाही, कारण मेंदीचा तांबूसपणा तिथे आपल्या बाजूने काम करतो.

मोरपिशीच हवा असेल तर दोन मार्ग आहेत. केस खांद्याच्या वर येतील इतके कापण्याची तयारी असेल, तर आणखी काही महिने काही न लावता कोरा केस वाढू द्यावा, मेंदीचा भाग कापून टाकावा आणि मग रंगवावे. केस कापायचे नसतील तर मानेजवळच्या आतल्या थरातल्या एक-दोन जाड बटा घ्याव्यात आणि त्यांवर प्रयोग करावा. वरचे केस मोकळे सोडले की त्या झाकल्या जातात, पोनी बांधली की दिसतात. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांची नापसंती आहे किंवा कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला साधे दिसणे भाग आहे, त्यांनाही हीच रीत सोयीची पडते. संपूर्ण डोके, कमरेपर्यंतचे केस, पहिलाच प्रयत्न आणि तोही घरी, हे मी कोणालाही सुचवणार नाही. इतक्या लांब केसांवर ब्लीच लावून संपेपर्यंत पहिल्या भागाची वेळ उलटून गेलेली असते.

साहित्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून सीलबंद पावडर आणि सीलबंद क्रीम डेव्हलपर घ्यावा. बाटलीत सुटा भरून दिलेला डेव्हलपर घेऊ नये, कारण हवा लागून त्याची ताकद केव्हाच गेलेली असू शकते. व्हॉल्यूमचा अर्थ इतकाच की १० म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. घरी २० च्या वर जाऊ नये. चाळीसने काम लवकर होते हे खरे असले, तरी केसाचा पापुद्रा आणि टाळूही तितक्याच लवकर सोलून निघते. आपले केस एका बैठकीत फिकट पिवळ्यापर्यंत पोचत नसतील तर दोन आठवड्यांच्या अंतराने दुसरी बैठक घ्यावी. वाटी काचेची किंवा प्लॅस्टिकची असावी. तांबे, पितळ, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या भांड्यांना हातही लावू नये.

आदल्या दोन दिवसांत केस धुऊ नयेत, म्हणजे टाळूवर नैसर्गिक तेलाचा पातळ थर राहतो. आदल्या रात्री केसांना खोबरेल तेल लावून ठेवले तरी चालते. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना प्रथिन वाहून जाण्याचे प्रमाण कमी करते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना करून दाखवलेले आहे. तेल चोपडून निथळू मात्र देऊ नये. ज्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही तिथे पाण्याच्या दिवशीच हे काम काढावे आणि दोन-तीन बादल्या आधी भरून ठेवाव्यात. डोक्यावर ब्लीच आणि पिंपात तळाचे पाणी अशी वेळ आली तर काय होते, ते वेगळे सांगायला नको. काम बंद न्हाणीघरात करू नये. पडवीत किंवा उघड्या खिडकीजवळ, दिवसा करावे, कारण पिवळा आणि नारिंगी यांतला फरक बल्बच्या उजेडात कळत नाही.

बट कोरडी असतानाच मिश्रण लावायचे. आधी मधला आणि खालचा भाग रंगवावा. टाळूपासूनचा बोटभर केस सर्वांत शेवटी घ्यावा, कारण डोक्याच्या उष्णतेने तिथे ब्लीच अधिक वेगाने चालते आणि मुळे आधी लावल्यास ती पांढरट आणि बाकीचा केस नारिंगी असा विपरीत प्रकार होतो. ब्रशने वरवर फिरवून भागत नाही. बट उलटीसुलटी करून प्रत्येक केस मिश्रणात पूर्ण बुडालेला हवा, नाहीतर ठिपके पडतात. मग ती फॉइलमध्ये किंवा प्लॅस्टिकमध्ये सैल गुंडाळावी, कारण मिश्रण वाळले की त्याचे काम थांबते. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात ते फार लवकर वाळते. हेअर ड्रायरची उष्णता देऊ नये. दर दहा मिनिटांनी थोडे मिश्रण पुसून रंग पाहावा आणि हवा तो पिवळा आला की लगेच धुवावे. पाकिटावर दिलेल्या कमाल वेळेच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी ४५ ते ५० मिनिटांच्या पुढे कोणत्याही कारणाने जाऊ नये. किंचित चुरचुरणे चालते, पण टाळू जळू लागली तर रंग कोणताही असो, त्याच क्षणी धुऊन टाकावे. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. उरलेले मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नये. त्यातून वायू सुटत राहतो आणि डबा फुटतो.

धुतल्यानंतर ओल्या बटेतला एक केस दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहा. तो थोडा ताणून परत आखडला तर ठीक. ताणतच गेला आणि परत आला नाही, किंवा पटकन तुटला, तर केसाला आधार देणारे सल्फरचे बंध फार तुटले आहेत असे समजावे आणि त्यावर दुसरे ब्लीच अजिबात करू नये.

मोरपिशी रंग लावणे हा यातला सर्वांत निवांत भाग आहे. हे रंग डेव्हलपरशिवाय, थेट लावायचे असतात. ब्लीच केलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि यातील बरेचसे रंग धन विद्युतभाराचे असतात, म्हणून ते तिथे आपसूक धरतात. काळ्या केसावर ते लावले तरी दिसणारच नाहीत. कपाळाच्या कडेला, कानांना आणि मानेला व्हॅसलिन लावावे, हातमोजे घालावेत, भरपूर रंग घेऊन अर्धा ते पाऊण तास ठेवावा आणि गार पाण्याने, शाम्पू न लावता धुवावे. न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशीच्या सांध्यांत बसलेला निळा रंग सहजी निघत नाही, हे घरमालकाच्या दृष्टीने लक्षात ठेवलेले बरे.

रंग टिकण्याचा प्रश्न आपल्या भागात बराचसा पाण्याशी निगडित आहे. अथणी-रायबागकडच्या बोअरच्या जड पाण्यात, जिथे साबणाला फेस येत नाही, तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, केस राठ होतात आणि रंग मळका दिसतो. खानापूर-जांबोटीच्या बाजूला पाणी मऊ असते, पण तांबड्या मातीतल्या काही विहिरींच्या पाण्यात लोहाचा अंश असू शकतो. बादलीला तांबूस डाग पडत असतील तर ते पाणी ब्लीच केलेल्या केसांना वापरू नये. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पहिल्या सरी वाहून गेल्यानंतर धरून ठेवले तर त्याहून चांगले पाणी मिळणार नाही. अजूनही काही घरांत न्हाण्याचे पाणी तांब्याच्या बंबात तापते. ब्लीच केलेला केस तांब्याचा सूक्ष्म अंशही शोषून घेतो आणि त्याने फिकट केसांना हिरवी झाक येते. मोरपिशीवर ती लपेल, पण शेजारच्या बटेत राणी रंग असेल तर तो बिघडेल. आठवड्यातून दोनदाच, सौम्य शाम्पूने आणि गार पाण्याने केस धुवावेत. कंडिशनरमध्ये त्याच रंगाचे दोन चमचे मिसळून ठेवले की दर धुण्याला थोडा रंग परत चढतो.

इतके करूनही मोरपिशी काही आठवड्यांत उतरू लागतो आणि शेवटी फिकट हिरवट होतो. जुलैत खानापूरच्या पावसात भिजलात तर शर्टाच्या कॉलरवर त्याची खूण राहील, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर हा उद्योग न काढता दसऱ्यानंतर काढावा असे मी सुचवीन. रंगपंचमीच्या दिवशी मात्र केस तेल लावून, घट्ट बांधून, फडक्याखाली झाकावेत, कारण ब्लीच केलेला सच्छिद्र केस जो रंग अंगावर पडेल तो धरून ठेवतो आणि गुलाबी किंवा हिरवा पक्का रंग तिथे महिनोन्‌महिने राहतो.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मुलाखत किंवा घरातले लग्न समोर आले की तो हमखास उभा राहतो, आणि तो म्हणजे परत काळे कसे करायचे. ब्लीच केलेल्या बटेवर थेट काळा रंग लावला तर तो निळसर-हिरवट दिसतो आणि थोड्याच धुण्यांत पुसट होतो, कारण त्या केसातला तांबूस पाया आपणच काढून टाकलेला असतो. आधी मोरपिशी शक्य तितका उतरू द्यावा, मग तांबूस-सोनेरी छटेचा तात्पुरता रंग लावून तो पाया भरून काढावा आणि त्यावर गडद तपकिरी रंग द्यावा. तुमच्या बाकीच्या केसांत मेंदीचा तांबूसपणा असल्यामुळे गडद तपकिरी तिथे सहज मिसळून जाईल. काळा रंग घेऊ नका, आणि पाकिटातली काळी मेंदी तर मुळीच नको, कारण पुन्हा कधी रंगवावेसे वाटले तर त्या बटेपुरती तरी वाट मोकळी राहिलेली असेल.